मोहीम संपल्यावर पोती कुठे जातात?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजण्यात काही चूक झाली असेल तर लगेच कळेल. गाव लहान. ओढ्यावरच्या पुलाखाली आणि रस्त्याच्या वळणावर कचरा साठतो. पहिल्या स्वच्छता मोहिमेला सव्वाशे माणसं आली, दुसऱ्या वेळी पन्नासेक, तिसऱ्या वेळी चौदा. जागा मात्र दर वेळी तीन आठवड्यांत होती तशी झाली. आता ५ जूनला, पर्यावरण दिनी, तुम्हाला सफाई, वृक्षारोपण आणि मुलांची फेरी असा सगळा मोठा कार्यक्रम एकत्र करायचा आहे. आणि लोकांना परत कसं आणायचं, असं तुम्ही विचारताय.

लोक कंटाळून गळाले असं मला वाटत नाही. त्यांनी बघितलं, इतकंच. लहान गावात सगळ्यांची रोजची ये-जा त्याच रस्त्याने असते. रविवारी जिथे घाम गाळला तिथे बुधवारी पुन्हा बांधलेल्या पिशव्या दिसल्या की माणूस तुम्हाला काही बोलत नाही. पुढच्या मोहिमेच्या दिवशी त्याला नेमकं बाहेरगावी काम निघतं. मोठ्या शहरात निदान एवढी सोय असते की स्वयंसेवक लांबून येतात आणि ती जागा महिनोन्महिने पुन्हा बघत नाहीत.

त्यामुळे माणसं कशी जमवायची हा विषय सध्या बाजूला ठेवा. कचरा तिथे येतो कसा आणि उचललेला जातो कुठे, या दोन प्रश्नांची उत्तरं हातात नसतील तर मोहिमेची तारीखच ठरवू नका. मधले दीड-दोन तास, ज्यात आपण वाकून कचरा उचलतो आणि ज्याचे फोटो निघतात, तो या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझे हात तिथे पोळले आहेत. मी एकोणीस वर्षं या कामात आहे, त्यातली पहिली चार जवळजवळ चुका करण्यातच गेली. तिसऱ्या वर्षी आम्ही एका ओढ्यातून ८४ पोती काढली आणि रस्त्याच्या कडेला ओळीने रचून ठेवली. ‘उद्या सकाळी गाडी पाठवतो’ असं फोनवर आश्वासन मिळालं होतं. गाडी नवव्या दिवशी आली. तोवर कुत्र्यांनी आणि गुरांनी अर्धी पोती फाडली होती, एका रात्री पाऊसही पडला. समोरच्या घरातल्या बाई मला म्हणाल्या, ‘‘आधी कचरा खाली ओढ्यात तरी होता, दिसत नव्हता. तुम्ही तो आमच्या दारात आणून ठेवलात.’’ मी काय उत्तर देणार? पुढची दोन वर्षं त्या गल्लीतून एकही माणूस आमच्याकडे आला नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

तेव्हापासून पाहणीच्या वहीत पहिलं पान पोत्यांच्या प्रवासाचं असतं. गाडी कोणाची, चालक कोण, त्याचा त्या दिवशीचा फोन नंबर काय, एका खेपेत किती पोती बसतात, कचरा डेपो किती वाजता उघडतो आणि रविवारी उघडा असतो का. हा शेवटचा प्रश्न हमखास विसरला जातो. मोहिमा सुट्टीच्या दिवशी होतात आणि डेपोला नेमकी त्याच दिवशी सुट्टी असते. राडारोडा, टायर आणि गाद्या वेगळ्या घ्याव्या लागतात का, हेही विचारून घ्या. एक भिजलेली गादी उचलायला चार माणसं लागतात, आणि गाडीवाला ती नाकारू शकतो. हे सगळं तोंडी नको, नगरपालिकेचं दोन ओळींचं पत्र हवं. पत्र मिळत नसेल तर मोहीम एक महिना पुढे ढकला. गाडी दारात उभी नसताना पोतं भरायचं नाही, एवढं तर पाळाच.

आणि पत्र घ्यायला जाण्याआधी त्या भागात रोज झाडणाऱ्या सफाई कामगारांना भेटा. त्यांना बाजूला ठेवून केलेली मोहीम म्हणजे त्यांच्या कामावर जाहीर ठपका ठेवण्यासारखं आहे. शिवाय माहितीच्या बाबतीत त्यांच्या पासंगालाही आपण पुरत नाही. कोणत्या घराचा कचरा कुठे पडतो, कुठलं गटार कधी तुंबतं, कोणत्या कोपऱ्यात सुया सापडतात, हे त्यांना तोंडपाठ असतं. आपण एक सकाळ नवे कोरे हातमोजे घालून मिरवतो आणि तोच कचरा रोज उपसणारा माणूस उघड्या हातांनी काम करतो, हे दृश्य मी इतक्या ठिकाणी बघितलं आहे की आता हातमोजे आणताना कामगारांसाठीचे जोड आधी मोजतो.

आता कचरा येतो कसा. यासाठी कचरा वाचायला शिकावं लागतं, आणि खरं सांगायचं तर या कामातला हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. मोहिमेच्या तीन-चार आठवडे आधी दोघं-तिघं वही घेऊन जागेवर जा, काही उचलू नका, नुसतं बघा. गाठ मारलेल्या पिशव्या एकाच ढिगात असतील तर तो घरांतला कचरा आहे. कुणीतरी तो तिथवर हातात धरून आणतं आहे, म्हणजे दारात कचरा घेण्याची सोय कुठेतरी फसली आहे. सुटी वेष्टनं आणि पेले रस्त्याच्या दोन्ही कडांना विखुरलेले असतील तर ती येणाऱ्या-जाणाऱ्यांची किंवा चालत्या गाडीतून फेकलेली. सिगारेटची थोटकं एका जागी दाट पडली असतील तर तिथे लोक कशाची तरी वाट बघत उभे राहतात. झुडपांच्या फांद्यांवर प्लास्टिकच्या चिंध्या सगळ्या एकाच उंचीवर लटकत असतील तर ती पुराच्या पाण्याची खूण आहे. तो कचरा वरच्या अंगाकडून आला आहे आणि या जागी कितीही पाट्या लावल्या तरी उपयोग शून्य. जळलेल्या जमिनीचे काळे गोल आणि त्यात वायरींची उसवलेली आवरणं म्हणजे कुणीतरी तांब्यासाठी वायर जाळतं आहे. विटांचे तुकडे, टाईल्स आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या एकावर एक दिसल्या तर रात्री ट्रॅक्टर येतो.

यातल्या प्रत्येकाचा उपाय वेगळा. आपण मात्र सगळीकडे ‘येथे कचरा टाकू नये’ असा एकच फलक लावतो आणि महिन्याभरात त्या फलकाच्या पायाशीच ढीग होतो.

अशाच एका वळणाचा अनुभव सांगतो, कारण तुमची जागा मला तशीच वाटते. तिथे आम्ही वर्षभरात चार वेळा सफाई केली होती. पाचव्या वेळी सफाई न करता आम्ही तिघं समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर सलग तीन सकाळी साडेपाचपासून नऊपर्यंत बसलो. मला वाटलं होतं, मध्यरात्री कुणीतरी लपून येत असणार. तसलं काहीच नव्हतं. सव्वासहा ते सातच्या दरम्यान कामाला निघालेली माणसं दुचाकीच्या हँडलला पिशवी अडकवून येत. वळणावर गाडीचा वेग आपोआप कमी होतो. डावा हात पिशवी सोडवतो, पिशवी कठड्यापलीकडे जाते, हात परत मुठीवर. मान वळत नाही, पाय जमिनीला टेकत नाही. त्यातल्या एकाने तर जाता जाता आम्हाला नमस्कारही केला. ओळखीचाच होता, आमच्या दुसऱ्या मोहिमेत घमेलं उचलायला आला होता.

आम्ही चौकशी केली. त्या दोन गल्ल्यांत कचऱ्याची गाडी साडेनऊला येत होती. नवरा-बायको दोघंही सातला घर सोडणार, कचरा घरात ठेवला तर संध्याकाळपर्यंत वास मारणार. ही माणसं काही घाणेरडी नव्हती, त्यांचं आणि गाडीचं वेळापत्रक जुळत नव्हतं. त्या दोन गल्ल्यांपुरती गाडी साडेसहाला यावी म्हणून अर्ज, भेटी, पुन्हा अर्ज असे दोन महिने गेले. गाडीची वेळ बदलली आणि वळणावरचा ढीग निम्म्याहून कमी झाला. उरला तो दुकानांचा कचरा, त्याची कथा वेगळी. त्या दोन महिन्यांत आम्ही एकही पोतं भरलं नाही आणि आमचा एकही फोटो कुठे छापून आला नाही.

जागतिक पातळीवर गाजलेल्या मोहिमांची गोष्टही अशीच अर्धी सांगितली जाते. एस्टोनियात ३ मे २००८ रोजी पन्नास हजार माणसांनी पाच तासांत सुमारे १०,००० टन कचरा उचलला, हे सगळे सांगतात. त्या छोट्या देशाची कल्पना पुढे पसरत गेली, २०१८ मध्ये पहिला जागतिक स्वच्छता दिन झाला आणि डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्यासाठी २० सप्टेंबर हा दिवस ठरवून दिला. पण त्या पाच तासांआधी स्वयंसेवकांनी देशभरातल्या दहा हजारांहून अधिक बेकायदा कचऱ्याच्या जागा शोधून नकाशावर टिपल्या होत्या. लोक पाच तासांची नक्कल करतात आणि नकाशा विसरतात.

तीच गोष्ट मोजणीची. १९८६ साली टेक्सासच्या किनाऱ्यावर लिंडा मॅरॅनिस आणि कॅथी ओहारा यांनी सफाई घडवून आणली तेव्हा स्वयंसेवकांना पोत्याबरोबर नोंदीचा कागदही दिला होता. काय सापडलं, किती सापडलं, सगळं लिहायचं. आज जगभर होणारी आंतरराष्ट्रीय किनारा सफाई त्यातूनच उभी राहिली. आपण मात्र मोहिमेच्या शेवटी ‘अमुक टन कचरा गोळा’ एवढंच जाहीर करतो. वजन हा फार फसवा आकडा आहे. त्यात निम्मी माती आणि पाणी असतं. एक टायर हजारो वेष्टनांच्या वजनाचा असतो, आणि थर्माकोलचं भरलेलं पोतं करंगळीने उचलता येतं. शिवाय वजन वाढलं तर ते यश समजायचं की अपयश?

त्याऐवजी १०० मीटरचा एकच पट्टा ठरवा. ईशान्य अटलांटिकच्या किनाऱ्यांवर ओस्पार या समुद्ररक्षणाच्या कराराखाली कचऱ्याची जी नियमित मोजणी होते, तिच्यातही नेहमीचा पट्टा १०० मीटरचाच असतो. त्या पट्ट्यातली प्रत्येक वस्तू मोजा: बाटल्या, झाकणं, पिशव्या, थोटकं, काच, वेष्टनं. तीन महिन्यांनी त्याच पट्ट्यात पुन्हा मोजा. हा कागद नगरपालिकेत घेऊन गेलात की तुमचं ऐकून घेण्याची तऱ्हा बदलते, कारण ‘खूप कचरा असतो हो’ याला उत्तर देता येतं, पण ‘मार्चमध्ये ६२ पिशव्या, जूनमध्ये ७०, त्यातल्या बहुतेक गाठ मारलेल्या’ याला देणं अवघड जातं. (हे आकडे नमुन्यादाखल आहेत, तुमचे तुम्ही मोजा.) आणि मोजणीचं काम गुडघे दुखणाऱ्या आजोबांना देता येतं. खुर्ची, फळी, पेन्सिल. आमच्याकडचे सगळ्यात टिकाऊ स्वयंसेवक हेच निघाले.

आता प्रत्यक्ष दिवसाबद्दल. दर दहा माणसांमागे एक जबाबदार माणूस हवा, आणि त्याने स्वतः कचरा उचलायचा नाही, माणसं बघायची. वेळ दीड तास, उन्हाच्या आत. लोकांना ‘अजून थोडं राहिलं होतं’ असं वाटत घरी जाऊ द्या. चार तास राबवलेला माणूस पुन्हा येत नाही. पहिली दहा मिनिटं भाषणांऐवजी सुरक्षिततेला द्या, कारण त्यानंतर कुणी ऐकत नाही. प्रमुख पाहुणे असतील तर त्यांना शेवटच्या अर्ध्या तासात बोलवा. सुरुवातीला बोलावलेत तर ते उशिरा येतात, तोवर सगळे झाडू धरून उभे, आणि ऊन चढतं.

सुरक्षिततेवर जरा जास्त लिहितो, कारण उत्साहात इथेच घोळ होतो. भरलेलं पोतं पायाला किंवा मांडीला टेकवून न्यायचं नाही, अंगापासून लांब धरायचं. पोतं हाताने किंवा पायाने दाबून त्यात जागा करायची नाही. आमच्याकडे एका कॉलेजच्या मुलाला सुई टोचली ती कचरा उचलताना नव्हे, पोतं खांद्यावर घेताना, पाठीत. रबराचे पातळ हातमोजे सुईला अडवत नाहीत, कुठलेच साधे हातमोजे पूर्ण अडवत नाहीत. म्हणून सुई दिसली की ज्याला दिसली त्याने उचलायची नाही, हाक मारायची. एकच ठरलेला माणूस चिमट्याने ती उचलून जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाकतो. सुईला टोपण परत बसवायचा प्रयत्न कुणी करायचा नाही. टोचलीच तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं, दाबून किंवा चोखून रक्त काढायचं नाही, आणि ‘काही होत नाही’ न म्हणता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहू शकतो, आणि एचआयव्हीवरची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी बरी, सुरू व्हावी लागतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं आहे का, हे नाव नोंदवतानाच विचारा.

ओढ्यात उतरणाऱ्यांच्या पायावर जखम असेल तर त्यांना काठावरचं काम द्या. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे जंतू जखमेवाटे शरीरात शिरतात. पत्रा किंवा फळी उचलताना काठीने किंवा आकड्याने पलीकडची कडा आपल्याकडे उचलायची, म्हणजे खाली साप-विंचू असलाच तर पत्रा तुमच्या आणि त्याच्या मध्ये राहतो. बहुतेक जण नेमकं उलट करतात, आपल्याकडची कडा उचलतात आणि खाली वाकून बघतात. सिमेंटचे जुने नालीदार पत्रे फुटलेले दिसले तर त्यांना हात लावू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, आणि फोडले की त्याचे घातक तंतू हवेत उडतात आणि श्वासातून आत जातात. नाव नसलेले रसायनांचे डबे, दवाखान्याचा कचरा आणि मेलेली जनावरं यांची जागा वहीत लिहायची आणि नगरपालिकेला कळवायची. रस्त्याच्या कडेचं काम असेल तर चमकणारी जाकिटं आणि वाहनांकडे तोंड. बारा वर्षांखालच्या मुलांना पाण्याजवळ आणि रस्त्याकडेला अजिबात नको. त्यांना मैदान द्या, बाग द्या.

वर्गीकरणाबद्दल एक कटू गोष्ट. ओढ्यातून काढलेलं, चिखलाने माखलेलं पातळ प्लास्टिक पुनर्वापराला जवळजवळ कुणी घेत नाही. चकचकीत वेष्टनांत प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ती तर मुळीच नाही. त्यामुळे सहा रंगांच्या पोत्यांचा देखावा करू नका. लोक मनापासून वेगळं करतात आणि संध्याकाळी सहाही पोती एकाच गाडीत एकाच खड्ड्यात जाताना बघतात. काच, धातू, पारदर्शक बाटल्या आणि बाकी सगळं, एवढे चार भाग पुरतात, आणि पहिले तीनही भंगारवाल्याशी आधी बोलणं झालं असेल तरच. उरलेल्याला तिथेच काडी लावायचा मोह होतो. सुका ढीग समोर असतो, गाडी उशीर करत असते. अजिबात नको. पीव्हीसी (पाइप आणि वायरींच्या आवरणांचं प्लास्टिक) जळताना डायॉक्सिनसारखी विषं निघतात, आणि वास नाही आला म्हणजे धूर निरुपद्रवी असं नसतं.

साफ म्हणजे किती साफ, हेही आधी ठरवा. उत्साही मंडळी ओढ्याच्या काठावरचं गवत, पाला, कुजलेलं लाकूड सगळं दाताळ्याने ओढून काठ तुळतुळीत करतात. मग पहिल्या पावसात काठ ढासळतो. वाळलेलं लाकूड आणि पाला हा कचरा नाही, तिथे किडे, बेडूक, पक्षी यांचा संसार असतो. पक्ष्यांच्या विणीचा हंगाम असेल तर झुडपांत घुसूच नका. जाळी आणि मासेमारीची तंगूसची दोरी मात्र शोधून शोधून काढा. ती वर्षानुवर्षं कुजत नाही आणि जिवंत प्राण्यांच्या पायात-गळ्यात अडकते. थोटकांबद्दलही एक गैरसमज आहे. त्यातला फिल्टर कापसासारखा दिसतो, पण तो सेल्युलोज अ‍ॅसिटेट नावाच्या प्लास्टिकचा असतो. ती बारीक म्हणून सोडून देऊ नका.

आता तुमच्या ५ जूनच्या कार्यक्रमाकडे येतो. सफाई, झाडं आणि फेरी एकाच सकाळी घेऊ नका. तिन्हींना वेगळी माणसं, वेगळी तयारी आणि वेगळं नंतरचं काम लागतं. झाडांबद्दल माझा हिशोब सरळ आहे: पुढचे दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा पाणी घालायला नावानिशी जितकी माणसं तयार आहेत, त्यांच्या पाचपट झाडं लावा, एकही जास्त नाही. चार माणसं असतील तर वीस झाडं. पाचशे खड्ड्यांचा फोटो चांगला येतो. त्याच खड्ड्यांचा पुढच्या वर्षीचा फोटो कुणी काढत नाही, मी काढून ठेवले आहेत, दाखवायची लाज वाटते. रोप लावताना काळी पिशवी पूर्ण काढा (हसू नका, दर कार्यक्रमात दोन-चार रोपं पिशवीसकट पुरली जातात), आणि मुळं पिशवीच्या आत गोल गोल गुंडाळली गेली असतील तर हलक्या हाताने मोकळी करा. मोकळी दिसणारी प्रत्येक जागा झाडं लावायची जागा नसते. गवताळ माळाचं स्वतःचं जीवन असतं.

फेरीबद्दल फार नाही. फुगे नकोत, फ्लेक्स नको, एकदा वापरायचे टी-शर्ट नकोत, पाण्याच्या छोट्या बाटल्या नकोत. पाण्याचा मोठा पिंप आणि प्रत्येकाचा आपला पेला. पर्यावरणाच्या कार्यक्रमानंतर मैदान झाडायला माणसं बोलवावी लागली तर गाव बरोबर हसतं.

लहान गावातली खास अडचण तुम्ही शेवटच्या ओळीत उडती लिहिली आहे, पण मला तीच मोठी वाटते: ‘कचरा कोण टाकतं ते सगळ्यांना माहीत आहे.’ मग फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचे का? मी म्हणेन, नको. आम्ही एकदा केलं. तो माणूस पिशवी टाकायचा थांबला नाही, फक्त वळण सोडून लांब, अंधाऱ्या जागी टाकू लागला, आणि त्याचे दोन भाऊ, जे मोहिमेला यायचे, तेही तुटले. गावात माणसाला एका बाबतीत पाडलं की सगळ्या बाबतीत तो दुरावतो. त्याच्याकडे एकट्याने जा, सोबत ज्याचा शब्द तो मोडत नाही असा एखादा माणूस न्या, आणि आरोप न करता विचारा की घरून कचरा न्यायला अडचण काय आहे. दहापैकी सात वेळा खरंच काहीतरी अडचण निघते. उरलेल्या तिघांसाठी दंडाचे नियम असतात, ते ज्यांचं काम आहे त्यांना वापरू द्या.

जागा स्वच्छ झाल्यानंतरचे पहिले तीस दिवस सगळ्यात नाजूक. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात पार्किंगमधल्या गाड्यांच्या काचांवर पत्रकं अडकवून ठेवली होती. आधीच कचरा पसरलेल्या जागेत लोकांनी ती जास्त वेळा खाली टाकली, स्वच्छ जागेत कमी. म्हणजे कचरा साठू लागला की तो आणखी कचऱ्याला आमंत्रण देतो. आम्ही तिसऱ्या, दहाव्या आणि तिसाव्या दिवशी दोन-दोन माणसं पाठवतो. पडलेलं उचलतात, मोजतात, लिहितात. वीस मिनिटांचं काम. शक्य असेल तर जागेचा वापरही बदला. कठड्याजवळ बसायला एक बाक, एक दिवा, सकाळी कुणाचा तरी व्यायाम. माणसांचा वावर असलेल्या जागी पिशवी टाकताना हात अडखळतो. नवी कचराकुंडी ठेवण्याआधी मात्र ती रोज कोण रिकामी करणार ते ठरवा. न उचललेल्या कुंडीभोवती, कुंडी नसती तर झाला नसता एवढा ढीग होतो.

माणसांचं म्हणाल तर चौदा कमी नाहीत. महिन्याचा एक ठरलेला दिवस पकडा, समजा दुसरा रविवार, आणि पाऊस असो की लग्नसराई, तो मोडू नका. सहाच जण आले तर सहा जणांनी तेच १०० मीटर मोजायचे. रोख पैसे गोळा करू नका, वस्तू मागा: हातमोजे, घमेली, चिमटे, गाडीच्या दोन खेपा. पैसा आला की गावात हिशोबाची कुजबुज सुरू होते, चोख असलात तरी. लोकांना परत बोलावताना ‘या, सफाई आहे’ असं लिहू नका, काय बदललं ते लिहा. ‘गाडी आता साडेसहाला येते’ या एका ओळीवर आमच्याकडे जितकी माणसं परतली तितकी कुठल्याच आवाहनावर परतली नव्हती.

तेव्हा ५ जूनला मोठा कार्यक्रम न करता तुमच्या चौदा जणांपैकी तिघांना पुलावर तीन सकाळी बसवा, वही आणि चहाचा थर्मास देऊन. एक सकाळ रविवारची घ्या, तिचं चित्र वेगळं असतं. पुलाच्या वरच्या अंगाला ओढ्याकाठाने अर्धा किलोमीटर चालत जा आणि फांद्यांवरच्या चिंध्यांची उंची बघा. त्यात काय दिसलं ते लिहा. गाठ मारलेल्या पिशव्या जास्त निघाल्या तर कचऱ्याच्या गाडीच्या वेळेपासून सुरुवात करू, चिंध्या निघाल्या तर वरच्या गावाशी बोलावं लागेल आणि ते काम लांबचं आहे.